अशोक कुमार, रा. माहीत नाही

बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीच्या एसटी स्टँडच्या आसपास, खामगाव चौफुलीकडे आणि तालुक्यातल्या जवळपास प्रत्येक आठवडी बाजाराच्या कडेला साधारण २०१० ते २०१६ या काळात एक पाटी हमखास दिसायची : 'रिचार्ज, मेमरी कार्ड, डाउनलोडिंग करून मिळेल.' दुकान म्हणजे चार बाय सहाची टपरी. आत एक जुना कॉम्प्युटर आणि त्यात फोल्डर लावलेले : न्यू मराठी, साउथ हिंदी, डीजे, भजन, लावणी. गिऱ्हाईक मोबाइलची बॅटरी काढून तिच्याखालचे नखाएवढे कार्ड दुकानदाराच्या हातात देई, 'भरून ठेवा' म्हणे आणि बाजार करायला जाई. तासाभराने परत आले की दहा-वीस रुपयांत आठवड्याची करमणूक खिशात. रात्रीच्या लाइटवर ओलित करायला जाणाऱ्या माणसाला धुऱ्यावर बसून तेवढीच सोबत. आपण बौद्धिक संपदेची चोरी करतो आहोत, हे त्याला कोणी सांगितले असते तर तो हसला असता. त्याने तर रोख पैसे मोजले होते.

टपरीवाल्याला मात्र धाकधूक असे, आणि ती खोटी नव्हती. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. शिवाय महाराष्ट्राने २००९ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि धोकादायक व्यक्तींना खटल्याशिवाय वर्षभर स्थानबद्ध करणारा १९८१ चा कायदा, ज्याला पोलीस आणि वार्ताहर 'एमपीडीए' म्हणतात, त्यात व्हिडिओ पायरेट्सचीही भर पडली. म्हणजे चोरट्या सीडीचा धंदा करणारा आणि हातभट्टी लावणारा कायद्याच्या एकाच ओळीत. पुढे त्याच ओळीत वाळूतस्करही येऊन बसले.

निर्मात्याची बाजूही खोटी नाही. मराठी सिनेमाला थिएटर मिळते ते एक-दोन आठवड्यांपुरते. त्यातही दुपारचा खेळ. पहिल्या शुक्रवारी सिनेमा फुटला तर कर्ज काढून तो काढणाऱ्याचे घर बसते. २०१६ मध्ये 'सैराट'ची चोरटी प्रत मोबाइलवरून फिरली, तरी त्याने शंभर कोटींच्या घरात धंदा केला. पण 'सैराट' हा अपवाद. त्याच्या मागे दबून गेलेल्या सिनेमांची नावे कोणाच्या लक्षात राहत नाहीत. तेव्हा चोरी रोखायची की नाही, हा या प्रकरणाचा प्रश्नच नाही. ती रोखताना कोणाच्या दाराला कुलूप लागते, ते लावण्याचा हुकूम कुठून निघतो आणि त्याला विरोध कोणी केला, हे पाहायचे आहे.

टपरीवाल्याला पोलीस पकडू शकतात. पण सिनेमा पहिल्यांदा चढवला जातो तो कुठल्या तरी परदेशी सर्व्हरवर, खोट्या नावाने. दावा लावायचा कोणावर? यावर उपाय निघाला अनोळखी प्रतिवादीचा. इंग्लंड-अमेरिकेत त्याला जॉन डो म्हणतात. आपल्या कोर्टांनी त्याला अशोक कुमार असे देशी नाव दिले. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकात विनापरवाना सामने दाखवणाऱ्या केबलवाल्यांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने असा आदेश दिला आणि वाट मोकळी झाली. दावा अशोक कुमारवर, पण आदेश पाळायचा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी. म्हणजे जो समोर नाही त्याच्याविरुद्ध निकाल आणि ज्याचा काही गुन्हा नाही त्याच्यावर अंमलबजावणी.

जुलै २०११ मध्ये 'सिंघम' प्रदर्शित होण्याच्या तोंडावर रिलायन्स एंटरटेन्मेंटने दिल्लीतून असाच आदेश मिळवला. कंपन्यांनी काय केले? चोरट्या 'सिंघम'चा दुवा शोधत बसण्यापेक्षा फाइल ठेवायच्या मोठमोठ्या साइटच सरसकट बंद केल्या. लग्नाचे फोटो, कॉलेजचे प्रोजेक्ट, कार्यालयाच्या फाइली, सगळे बंद. उघडायला गेले की पडद्यावर एकच ओळ : दूरसंचार विभागाच्या सूचनेवरून ही साइट रोखली आहे. कोणता आदेश, कोणते कोर्ट, दाद कुठे मागायची, काही नाही. चाळीतल्या एका भाडेकरूने चोरीचा माल ठेवला म्हणून अख्ख्या चाळीला कुलूप ठोकावे, तसला हा न्याय.

कंपन्यांना दोष देणे सोपे आहे; पण त्यांचा हिशेब सरळ होता. आदेश न पाळला तर कोर्टाचा अवमान, जास्तीचा पाळला तर ओरडणार कोण? बंगळूरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीने २०११ मध्ये याची परीक्षाच घेतली. सात मध्यस्थ कंपन्यांना मुद्दाम सदोष तक्रारी पाठवल्या. सातांपैकी सहांनी मागितले त्याहून जास्त मजकूर काढून टाकला.

याच सुमारास अमेरिकेत हेच काम कायद्याने करायचा घाट घातला जात होता. टेक्सासचे प्रतिनिधी लामार स्मिथ यांनी २६ ऑक्टोबर २०११ रोजी 'स्टॉप ऑनलाइन पायरसी अ‍ॅक्ट', म्हणजे सोपा, हे विधेयक मांडले. सिनेटमध्ये त्याचे भावंड पिपा आधीच आले होते. नेम होता परदेशी साइटवर. अमेरिकेबाहेरच्या साइटला अमेरिकेचे कोर्ट हात लावू शकत नाही. मग तिच्याकडे जाणाऱ्या वाटा अमेरिकेत बंद करायच्या. इंटरनेट कंपनीने साइटचे नाव आणि तिचा आकडी पत्ता यांची जोडणी तोडायची, सर्च इंजिनने तिला निकालातून काढायचे, कार्ड कंपन्यांनी तिचे पैसे थांबवायचे, जाहिरातदारांनी पाठ फिरवायची. अभियंत्यांची हरकत तांत्रिक होती : पत्त्यांच्या या वहीत मुद्दाम खोटी नोंद करायला कायद्यानेच लावले, तर त्या वहीवर विश्वास बसावा म्हणून उभी केलेली सुरक्षाव्यवस्था पोकळ होते.

१८ जानेवारी २०१२. आपल्याकडे सकाळचे साडेदहा वाजले आणि इंग्रजी विकिपीडिया काळा पडला. तो दुसऱ्या दिवशी साडेदहापर्यंत काळाच राहिला. अमेरिकेच्या विधेयकासाठी अमेरिकन मतदारांना उद्देशून केलेला हा बंद. पण तो पाळला गेला जगभर, चिखलीतसुद्धा. ते काळे पान त्या चोवीस तासांत सोळा कोटींहून जास्त वेळा उघडले गेले. गुगलने आपल्या नावावर काळी पट्टी ओढली आणि तिच्या निवेदनावर सत्तर लाखांवर सह्या पडल्या. २० तारखेला दोन्ही विधेयके बाजूला ठेवली गेली. हॉलिवूडच्या संघटना आणि अमेरिकेचे चेंबर ऑफ कॉमर्स पाठीशी असताना दोन दिवसांत असे कायदे गुंडाळले जाणे वॉशिंग्टनला नवीन होते.

पण लगेच टाळ्या वाजवू नयेत. दरम्यान, बंदच्या दुसऱ्याच दिवशी, १९ जानेवारीला, अमेरिकेने मेगाअपलोड ही साइट जप्त केली आणि तिच्या मालकाला न्यूझीलंडमध्ये त्याच्या घरातून अटक झाली. सोपा नसतानाही हात तिथवर पोहोचत होता. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या एका विद्यार्थ्याने सिनेमा-मालिकांच्या दुव्यांची साइट चालवली, तर त्याला अमेरिकेच्या हवाली करायला ब्रिटनच्या गृहमंत्री थेरेसा मे यांनी मार्च २०१२ मध्ये मंजुरी दिली. गडी कधी अमेरिकेत राहिला नव्हता. लोकांच्या दबावानंतर वर्षअखेरीस तडजोड झाली आणि तो सुटला.

अमेरिकेतला कायदा बारगळला तरी आंतरराष्ट्रीय करार उभा होता. त्याचे नाव अ‍ॅक्टा : बनावट मालाविरुद्धचा व्यापार करार. बोलणी बंद दाराआड, मसुदे फुटतील तेवढेच लोकांना दिसलेले. ऑक्टोबर २०११ मध्ये टोकियोत अमेरिका, जपान वगैरे आठ देशांनी सह्या केल्या, २६ जानेवारी २०१२ रोजी युरोपीय संघाने. त्याच आठवड्यात पोलंड पेटले. कडाक्याच्या थंडीत शहराशहरांतून हजारो तरुण रस्त्यावर, आणि संसदेत काही खासदार गाय फॉक्सचा तो हसरा मुखवटा चेहऱ्यासमोर धरून बसलेले. युरोपीय संसदेत या कराराचा अहवाल लिहिण्याची जबाबदारी असलेल्या कादेर आरिफ यांनी सगळी प्रक्रियाच नाटकी असल्याचे सांगत काम सोडले. स्लोव्हेनियाच्या राजदूतबाईंनी तर स्वतःच केलेल्या सहीबद्दल देशवासीयांची जाहीर माफी मागितली. असला प्रकार मुत्सद्द्यांच्या जगात विरळा. ४ जुलै २०१२ रोजी युरोपीय संसदेने ४७८ विरुद्ध ३९ मतांनी करार फेटाळला.

भारत या करारात नव्हता, पण गप्पही नव्हता. आणि त्याचे कारण सिनेमा नव्हते, औषधे होती. डिसेंबर २००८ मध्ये भारतात बनलेले रक्तदाबाचे औषध ब्राझीलला निघाले असताना वाटेत नेदरलँड्सच्या कस्टमने अडवले. औषध भारतात कायदेशीर, ब्राझीलमध्येही कायदेशीर. पण ज्या देशातून माल फक्त पुढे जायचा होता तिथे कोणाचे तरी पेटंट होते. मे २०१० मध्ये भारत आणि ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत तक्रार घेऊन गेले, आणि पुढच्याच महिन्यात तिथल्या बैठकीत भारताने अ‍ॅक्टावर कडाडून टीका केली. परदेशी कायद्याचा हात आपल्या घरात शिरतो म्हणजे काय, हे दिल्लीला कळले ते गोळ्यांच्या खोक्यांमुळे. इंटरनेटबद्दल तीच हुशारी दिसली असती तर पुढचे बरेच टळले असते.

दिसली मात्र उलटी गोष्ट. २०१२ च्या वसंतात मद्रास उच्च न्यायालयाने '३' या तमिळ आणि 'दम्मू' या तेलुगू सिनेमासाठी अशोक कुमारी आदेश दिला. मे महिन्यात कंपन्यांनी पुन्हा तेच केले : व्हिमिओ, डेलीमोशन, पेस्टबिन यांसारख्या सरळमार्गी साइटही बंद. दोन दाक्षिणात्य सिनेमांसाठी विदर्भातल्या फोनवर व्हिडिओची साइट उघडेना. १७ मे रोजी राज्यसभेत केरळचे खासदार पी. राजीव यांनी २०११ चे माहिती तंत्रज्ञान नियम रद्द करण्याचा ठराव मांडला. ३६ तासांत मजकूर हटवायला लावणारे हे नियम वर्षभर आधी फारशा चर्चेविना लागू झाले होते. मंत्री कपिल सिब्बल यांनी सगळ्यांशी बोलू असे आश्वासन दिले आणि ठराव पडला. त्याच दिवशी अ‍ॅनॉनिमस या नावाखाली हल्लेखोरांनी सर्वोच्च न्यायालयाची आणि काँग्रेस पक्षाची साइट पाडली. सर्वोच्च न्यायालयाची साइट पाडून न्यायाचा मुद्दा पटवता येतो असे ज्यांना वाटले, त्यांच्याबद्दल मला फारसे प्रेम नाही. संसदेतला ठराव दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मागे पडला तो अशा उद्योगांमुळे.

९ जून २०१२ रोजी मात्र विरोध रस्त्यावर आला. मुंबईत आझाद मैदानावर, पुण्यात, दिल्लीत आणि इतर काही शहरांत मुखवटे लावलेली मुले जमली. मुंबईत शंभराच्या आसपास. ज्या मैदानाने लाखांचे मोर्चे पाहिले त्याला ही संख्या कुठेच लागत नाही. त्यातल्या बहुतेकांच्या घरी ब्रॉडबँड होते. चिखलीसारख्या गावात साइट बंद पडली काय आणि नेटवर्क नाही काय, फोन हातात घेतलेल्याला दोन्ही सारखेच. जे आपल्यापर्यंत धड आलेच नाही ते काढून घेतल्याची तक्रार कोण करणार? माझ्या मते पोलंड पेटला आणि आपण पेटलो नाही याचे खरे कारण हे. लोकांना स्वातंत्र्याची चाड नव्हती हे नव्हे.

तरी पंधरवड्यात फळ आले. २२ जून २०१२ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने खुलासा केला : अख्खी साइट नव्हे, जिथे चोरटी प्रत आहे तो नेमका दुवाच बंद करायचा.

महाराष्ट्रात सगळ्यात नेटके काम झाले ते कोर्टातच, आणि त्याला मुखवटे लागले नाहीत. २०१६ च्या जुलैत 'ढिशूम' सिनेमासाठी इरॉस कंपनी मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांच्यासमोर आली. सोबत दुव्यांची यादी. न्यायमूर्तींनी विचारले ते एवढेच की, ही यादी तपासली कोणी? पुराव्याशिवाय नुसत्या यादीवर आदेश द्यायला त्यांनी नकार दिला. मग यादी बाहेरच्या संस्थेने तपासायची, निर्मात्याने आणि वकिलांनी पुन्हा पाहायची आणि प्रतिज्ञापत्रावर सांगायचे, अशी पद्धत लागली. जास्त महत्त्वाचे म्हणजे बंद पानावर काय दिसावे हेही त्यांनी ठरवून दिले. दाव्याचा क्रमांक, आदेशाची तारीख, कोणत्या कलमाखाली, आणि चुकून बंद झालेल्याने तक्रार कोणाकडे करायची. कंपनीने त्याला मुदतीत उत्तर द्यायचे. चार ओळींचा मजकूर, पण त्याने अदृश्य कुलपावर पहिल्यांदा कुलूप लावणाऱ्याचे नाव आले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एक गंमत झाली. बंद पानावर अशी भाषा झळकली की नुसते हे पान पाहिले तरी तीन वर्षे कैद आणि तीन लाख दंड. वर्तमानपत्रांनी ती उचलली आणि देशभरातल्या होस्टेलांत घबराट पसरली. न्या. पटेल यांनी महिनाअखेरीस स्पष्ट केले की पाहणे हा गुन्हा नव्हे. विनापरवाना वाटणे, जाहीर दाखवणे, विकणे किंवा भाड्याने देणे हा गुन्हा, आणि मजकूर बदलायला लावला. म्हणजे धुऱ्यावर बसून सिनेमा पाहणारा शेतकरी सुटला, टपरीवाला अडकला. मला हा फरक रास्त वाटतो.

दुर्दैवाने हा नेटकेपणा टिकला नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये इंटरनेट अर्काइव्ह भारतात उघडेनासे झाले. मद्रास उच्च न्यायालयाने 'जब हॅरी मेट सेजल' आणि 'लिपस्टिक अंडर माय बुरखा' या सिनेमांसाठी अडीच हजारांवर साइटची यादी मंजूर केली होती, तीत हे मोठे सार्वजनिक ग्रंथभांडारही होते. तिथे भारतीय ग्रंथालयांतून स्कॅन झालेली लाखो पुस्तके आहेत, त्यात जुनी मराठी पुस्तकेही. साने गुरुजी १९५० साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे या हिशेबाने 'श्यामची आई' १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांची झाली. तिच्यावर कोणाचा हक्क नाही, पण तिची प्रत असलेल्या साइटला कुलूप लागू शकते, ते शाहरुख खानच्या सिनेमासाठी. उलट बाजूही सांगितली पाहिजे : चिखलीच्या शेजारच्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे २००० साली गेले, तेव्हा त्यांच्या कवितांवरचा हक्क २०६० च्या अखेरपर्यंत चालेल, आणि तो पाळलाच पाहिजे.

आणि मग दिल्ली. १० एप्रिल २०१९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने नवा आदेश घडवला. साइट बंद केली की ती दुसऱ्या नावाने उगवते. म्हणून प्रत्येक जुळ्या साइटसाठी नव्याने दावा नको, सहनिबंधकांकडे अर्ज करा आणि तीही बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये आणखी पुढे. युनिव्हर्सल आणि हॉलिवूडच्या इतर स्टुडिओंच्या दाव्यात असा आदेश आला की जे सिनेमे अजून बनलेच नाहीत, त्यांनाही ते तयार होताच संरक्षण मिळेल. नावे नोंदवणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही आदेशाच्या कक्षेत आणले गेले. सोपाचा मसुदा समोर ठेवून पाहा. परदेशी साइट, तिच्या वाटा बंद, नाव काढून घेणे. वॉशिंग्टनमध्ये लोकांनी जे अडवले ते त्याच स्टुडिओंना दिल्लीत मिळाले, तेही कोणा लोकप्रतिनिधीला फोन न करावा लागता.

याचा फटका सिनेमापुरता राहिला असता तरी एक वेळ चालले असते. २०११ मध्ये कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान हिने सायहब सुरू केले. जे शोधनिबंध विकत घ्यायला एकेकाला दोन-तीन हजार रुपये पडतात, ते तिथे फुकट. डिसेंबर २०२० मध्ये एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी हे तीन परदेशी प्रकाशक दिल्लीत दावा घेऊन आले. या वेळी विरोध मुखवट्यांचा नव्हता. भारतीय शास्त्रज्ञ आपापल्या नावानिशी कोर्टात हस्तक्षेप करायला उभे राहिले. संशोधन होते सरकारी पैशातून, निबंध लिहितात आणि तपासतात प्राध्यापक, फुकट. मग कुलूप प्रकाशकाचे का, हा त्यांचा सवाल. ऑगस्ट २०२५ मध्ये सायहब बंद करण्याचा आदेश झाला.

सरकारने त्याआधी 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना आणली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी मंजूर, तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके. चांगली योजना. पण पहिल्या टप्प्यात ती शासकीय संस्थांपुरती. चिखलीचे अनुराधा अभियांत्रिकी महाविद्यालय खासगी संस्थेचे. तिथल्या पोराला प्रोजेक्टसाठी निबंध हवा असेल तर योजनेचे दार बंद आणि सायहबचेही.

दरम्यान संसदही आली. सिनेमॅटोग्राफ कायद्याची दुरुस्ती २७ जुलै २०२३ रोजी राज्यसभेत आणि ३१ जुलैला लोकसभेत मंजूर झाली. चोरून चित्रण केल्यास तीन महिने ते तीन वर्षे कैद, आणि दंड तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. नोव्हेंबरमध्ये केंद्राने बारा अधिकारी नेमले. निर्मात्याच्या तक्रारीवरून ते ४८ तासांत चोरटी प्रत हटवायला लावू शकतात. या सगळ्याविरुद्ध एकही साइट काळी झाली नाही.

तेव्हा चिखलीच्या एखाद्या पोराने स्वतःच्या गाण्यांची किंवा सोयाबीनच्या माहितीची साइट काढली आणि ती कुठल्या तरी यादीत चुकून अडकली, तर त्याने काय करावे? बंद पानाचा फोटो काढून ठेवावा, दाव्याचा क्रमांक असेल तर टिपून घ्यावा, आपल्या इंटरनेट कंपनीला लेखी विचारावे. उत्तर नाही आले तर कोर्ट. बुलढाणा जिल्हा नागपूर खंडपीठात येतो आणि तेच तीनशे किलोमीटरच्या पुढे आहे. पण आदेश दिल्लीचा असेल, आणि आता बहुतेक तो तिथलाच असतो, तर अर्ज दिल्ली उच्च न्यायालयात, त्याच दाव्यात करावा लागतो.